हॉर्मोन न दिलेली प्लेट

पेशी वाढवायच्या माध्यमाचा गुलाबी-लाल रंग फिनॉल रेडचा. माध्यम आंबलं की ते पिवळं पडतं, म्हणून इन्क्युबेटरचं दार उघडून नुसती नजर टाकली तरी पेशींचं कसं चाललंय ते कळतं. बाकी त्या रंगाला काही काम नाही, असंच समजलं जायचं. १९८६ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या बर्थवा आणि कॅत्झेनेलनबोगन पती-पत्नींनी दाखवून दिलं की स्तनाच्या कर्करोगापासून निघालेल्या एमसीएफ-७ पेशींवर हा रंग इस्ट्रोजेनसारखा काम करतो. इस्ट्रोजेनच्या ग्राही प्रथिनाला (पेशीतलं हॉर्मोन पकडणारं प्रथिन) चिकटण्याची त्याची ताकद इस्ट्राडायोलच्या, म्हणजे शरीरातल्या मुख्य इस्ट्रोजेनच्या, जेमतेम ०.००१ टक्के. ऐकायला काहीच नाही. पण हिशेब करा. डीएमईएम या नेहमीच्या माध्यमात लिटरला १५ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ४० मायक्रोमोलर (द्रावणातल्या रेणूंच्या प्रमाणाचं एकक; त्याचा हजारावा भाग नॅनोमोलर) फिनॉल रेड असतं. त्याचा एक लाखावा भाग म्हणजे ०.४ नॅनोमोलर. आणि निम्मे ग्राही भरायला इस्ट्राडायोल लागतं ०.१ ते ०.३ नॅनोमोलर! दोन वर्षांनी हेही कळलं की खरा दोष रंगाचा नव्हताच. रंग तयार करताना त्यात राहून जाणारी एक मेदात विरघळणारी भेसळ हे काम करत होती. म्हणजे एकाच नावाच्या दोन बाटल्यांचा परिणाम वेगवेगळा.

हॉर्मोन आणि जनुक-नियमनावरचं संशोधन वाचताना सगळ्यांची नजर जाते ती हॉर्मोन दिल्यावर काय झालं याकडे. माझ्या मते निकाल ठरतो तो हॉर्मोन न दिलेल्या प्लेटमध्ये, म्हणजे तुलनेसाठी शेजारी ठेवलेल्या पेशींच्या बशीत. 'दहा पट वाढ' हा शेवटी भागाकार असतो, आणि छेदात बसलेली संख्या या प्लेटमधून येते. तराजूचा काटा आधीच झुकलेला असेल तर पारड्यात काहीही टाका, वजन चुकणारच.

ही पद्धत काही आजची नाही. १८४९ मध्ये गटिंगनला बर्टहोल्डने कोंबड्यांची वृषणं आधी काढली आणि मग त्यांतल्या काहींत परत बसवली. तुरा आणि आरव परत आलेला दिसला तो आधी काढल्यामुळेच. शंभराहून जास्त वर्षांनी शिकागोत एल्वुड जेन्सनने ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) लावलेलं इस्ट्राडायोल वयात न आलेल्या उंदीर-माद्यांना टोचलं. वयात न आलेल्याच का, तर त्यांच्या अंगात स्वतःचं इस्ट्रोजेन जवळजवळ नसतं, त्यामुळे ग्राहीच्या जागा रिकाम्या मिळतात. गर्भाशयाने ते इस्ट्राडायोल धरून ठेवलं, आणि रासायनिक बदल न करता धरून ठेवलं. तोपर्यंत समज असा होता की हॉर्मोन एखाद्या विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेत भाग घेत असावं. जेन्सनच्या निकालाने हॉर्मोनला पकडून ठेवणारं एक प्रथिन असणार हे पक्कं झालं. या कामासाठी २००४ चा लास्कर पुरस्कार जेन्सन, पिएर शॉम्बों आणि रोनाल्ड एव्हान्स यांना मिळाला. एव्हान्सच्या गटाने १९८५ मध्ये माणसाच्या ग्लुकोकॉर्टिकॉइड (कॉर्टिसॉल आणि त्याच्यासारखी स्टिरॉइडं) ग्राहीचा जनुक-क्रम काढला होता आणि पुढच्याच वर्षी शॉम्बोंच्या गटाने इस्ट्रोजेन ग्राहीचा. माणसात या कुळातले ४८ ग्राही आहेत.

यंत्रणा थोडक्यात सांगतो, कारण पुढचे तपशील तिच्यावरच टेकलेले आहेत. कॉर्टिसॉल नसताना ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही पेशीद्रवात एचएसपी-९० वगैरे प्रथिनांच्या ताब्यात असतो. हॉर्मोन बसलं की अर्ध्या तासात बहुतेक ग्राही केंद्रकात जातात आणि जोडीने डीएनएवर बसतात. जागा ओळखायची खूण साधारण अशी: एजीएएसीए, मध्ये कोणतीही तीन अक्षरं, मग टीजीटीटीसीटी. इस्ट्रोजेन ग्राहीची खूण जीजीटीसीए, तीन अक्षरं, टीजीएसीसी. दोन्हींत फरक थोडासाच. ग्राहीच्या डीएनए पकडणाऱ्या भागात जस्ताच्या दोन 'बोटां'पैकी पहिल्या बोटातली तीन अमिनो आम्लं बदलली की एक ग्राही दुसऱ्याची खूण ओळखू लागतो, हे १९८९ मध्येच दाखवलं गेलं. आणखी एक फरक लक्षात ठेवा: इस्ट्रोजेन ग्राही हॉर्मोन नसतानाही बहुतांशी केंद्रकातच असतो. त्यामुळे ग्लुकोकॉर्टिकॉइडच्या प्रयोगात हॉर्मोन न दिलेली प्लेट बऱ्यापैकी कोरी मिळते, इस्ट्रोजेनच्या प्रयोगात ती कोरी मिळवायला घाम गाळावा लागतो.

हॉर्मोन काढायचं कसं

पहिली पायरी सोपी: फिनॉल रेड नसलेलं माध्यम विकत घ्या. खरी डोकेदुखी सीरमची. माध्यमात १० टक्के सीरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा केलेला द्रव) घालतात ते गर्भातल्या वासराचं, आणि त्यात स्टिरॉइडं असणारच. ती काढायला डेक्स्ट्रान (साखरेच्या लांब साखळ्यांचा पदार्थ) चढवलेला कोळसा वापरतात. तयार 'स्ट्रिप्ड', म्हणजे हॉर्मोन काढलेलं, सीरम मिळतं, महाग असतं. घरच्या घरी म्हणजे लॅबमध्येच करायचं तर चालणारी एक कृती अशी: ५०० मिलिलिटर सीरमसाठी ५ ग्रॅम सक्रिय कोळसा आणि ०.५ ग्रॅम डेक्स्ट्रान टी-७० घ्या. दोन्ही ट्रिस बफरमध्ये ४ अंशांवर रात्रभर ढवळत ठेवा, म्हणजे कोळशाच्या कणांवर डेक्स्ट्रानचा थर बसतो आणि मोठी प्रथिनं कोळशाच्या आत जाऊन अडकत नाहीत. सकाळी सेंट्रिफ्यूज करून बफर टाकून द्या, कोळशावर सीरम ओता, ५५ अंशांवर अर्धा तास हलवत ठेवा, खाली बसवा. नव्या कोळशावर हेच परत एकदा, ३७ अंशांवर.

गडबड होते ती गाळताना. कोळशाचा बारीक चुरा ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर दोन मिनिटांत तुंबवतो. म्हणून आधी दहा हजार जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट जोराने) वीस मिनिटं फिरवायचं, मग ०.४५, आणि शेवटी ०.२२. चुरा पेशींपर्यंत पोचला तर तो पुढे तुम्ही घालणार ते हॉर्मोनही शोषून घेतो आणि डोसचा हिशेब कोलमडतो.

कोळसा सगळंच नेत नाही आणि नको तेही नेतो. इस्ट्रोन सल्फेट पाण्यात विरघळणारं असल्यामुळे त्यातलं बरंच मागे राहतं, आणि पेशींतलं सल्फाटेज विकर त्याचं परत इस्ट्रोन करतं. कडक काम करणारे लोक म्हणूनच कोळशाआधी सीरमला सल्फाटेज देतात. उलट बाजूला थायरॉइड हॉर्मोन आणि काही जीवनसत्त्वंही कोळशाबरोबर जातात, त्यामुळे अशा सीरममध्ये पेशी मंद वाढतात. त्याला इलाज नाही. मात्र एकाच प्रयोगाच्या सगळ्या आवृत्त्या सीरमच्या एकाच लॉटवर करा. लॉट बदलला की आधी चाचणी, मग प्रयोग.

एमसीएफ-७ ला या माध्यमात तीन दिवस ठेवावं लागतं आणि रोज माध्यम बदलावं लागतं, कारण स्टिरॉइड पेशीच्या पटलांत मुरलेलं असतं आणि सावकाश बाहेर येतं. फुप्फुसाच्या कर्करोगापासून निघालेल्या ए-५४९ पेशींना ग्लुकोकॉर्टिकॉइडच्या कामासाठी एक रात्र पुरते. जास्त उपास घडवला तर आणखी पुण्य लागत नाही. एमसीएफ-७ ला महिनोनमहिने इस्ट्रोजेनशिवाय ठेवलं की त्या पेशी बदलतात आणि अगदी सूक्ष्म इस्ट्रोजेनलाही प्रतिसाद द्यायला लागतात. तीन दिवसांत प्रयोग लावायचा, उरलेल्या पेशी टाकून द्यायच्या.

माध्यमातले इतर घटकही बघून घ्या. स्तनाच्या एमसीएफ-१०ए पेशींच्या नेहमीच्या माध्यमात हायड्रोकॉर्टिसोन (म्हणजे कॉर्टिसॉलच) मिलिलिटरला ०.५ मायक्रोग्रॅम असतं. 'अर्धा मायक्रोग्रॅम' म्हटलं की किरकोळ वाटतं, पण ते होतात जवळजवळ १.४ मायक्रोमोलर. एवढ्यात ग्राही केव्हाच भरून गेलेला असतो. त्यावर डेक्सामेथासोन (कृत्रिम ग्लुकोकॉर्टिकॉइड) घाला नाहीतर पाणी घाला, फरक दिसणार नाही. इन्सुलिन आणि वाढीचे घटकही निष्पाप नाहीत. ते पेशीतल्या एमएपी-कायनेज या निरोपांच्या मार्गाने इस्ट्रोजेन ग्राहीच्या ११८ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतात आणि हॉर्मोनशिवायच ग्राही थोडाफार जागा होतो.

प्लॅस्टिकचीही हजेरी घ्यायला हवी. बोस्टनला टफ्ट्स विद्यापीठात अ‍ॅना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांच्या एमसीएफ-७ पेशी इस्ट्रोजेन नसताना वाढायला लागल्या. शोध घेतल्यावर धागा निघाला सेंट्रिफ्यूजच्या नळ्यांपर्यंत. त्या प्लॅस्टिकमधून नॉनिलफिनॉल सुटत होतं. १९९१ साली त्यांनी ते छापलं. १९९३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाला पॉलिकार्बोनेटच्या फ्लास्कमध्ये निर्जंतुक केलेल्या माध्यमात इस्ट्रोजेनसारखं काहीतरी सापडलं आणि ते बिस्फिनॉल-ए निघालं. बिस्फिनॉल-ए हा शब्द आज बाळाच्या दुधाच्या बाटलीवर 'नाही' म्हणून छापलेला असतो. त्यामागच्या धाग्यांतला हा एक. तेव्हा माध्यम पॉलिकार्बोनेटमध्ये ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करू नका, काच वापरा.

पेशींबद्दल एकच सांगतो. भारतात या पेशी बहुतेकांना पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनसीसीएसच्या, संग्रहातून मिळतात. तिथून आणा, आल्या आल्या पाच-सहा व्हायल गोठवा आणि वीसेक पॅसेजनंतर (पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटण्याच्या खेपांनंतर) नवी व्हायल काढा. शेजारच्या लॅबमधून मागून आणलेल्या फ्लास्कवर हॉर्मोनचं काम करू नये. एमसीएफ-७ चं औषधाला न जुमानणारं रूप म्हणून वर्षानुवर्षं वापरली गेलेली एक पेशीवंशावळ शेवटी अंडाशयाच्या कर्करोगाची निघाली होती. मायकोप्लाझ्माची (पेशींच्या वाढीत लपून राहणाऱ्या जिवाणूंची) चाचणी दर महिन्याला.

घालायचं किती, कधी

डेक्सामेथासोनचा रेणुभार ३९२.५. म्हणजे ३.९ मिलिग्रॅम एक मिलिलिटर इथेनॉलमध्ये विरघळवलं की १० मिलिमोलर स्टॉक. त्याचा शंभर पट पातळ केलेला १०० मायक्रोमोलर स्टॉक करून ठेवा. २ मिलिलिटर माध्यमात त्यातले २ मायक्रोलिटर घातले की १०० नॅनोमोलर होतं आणि इथेनॉल ०.१ टक्का. ग्राही निम्मा भरायला साधारण ५ नॅनोमोलर लागतं, तेव्हा १०० नॅनोमोलरला तो ९५ टक्के भरलेला असतो. मायक्रोमोलर डोस देणारे पुष्कळ शोधनिबंध आहेत, मला त्यात हशील दिसत नाही. भरलेल्या भांड्यात ओतत राहिलं तर ते शेजारच्या ग्राहीवर सांडतं, कारण प्रोजेस्टेरॉनचा, अँड्रोजेनचा आणि मिनरलोकॉर्टिकॉइडचा ग्राही डीएनएवरची तीच खूण वाचतात. इस्ट्राडायोलसाठी १० नॅनोमोलर हा रूढ डोस, आणि तोही सढळच. रेणुभार २७२ असल्यामुळे रक्ततपासणीच्या कागदावरचे २७२ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे बरोबर १ नॅनोमोलर. एवढं पाठ असलं की शरीरातलं प्रमाण आणि प्लेटमधलं प्रमाण यांची तुलना तोंडी करता येते.

स्टॉक काचेच्या बाटलीत, घट्ट झाकणाखाली, उणे २० अंशांवर. स्टिरॉइड प्लॅस्टिकला चिकटतं, पाण्यात पातळ केल्यावर तर फारच. म्हणून नॅनोमोलर द्रावण आदल्या दिवशी करून ठेवायचं नाही. आणि इथेनॉल उडतं. झाकण सैल राहिलेल्या बाटलीतला स्टॉक महिन्याभरात आपोआप जहाल होतो. पातळीवर पेनने खूण करून ठेवली की हे लगेच लक्षात येतं.

आता न दिलेल्या प्लेटकडे. तिला ०.१ टक्का इथेनॉल मिळालंच पाहिजे, त्याच बाटलीतलं आणि त्याच वेळी. 'हॉर्मोनची प्लेट बाहेर काढली, दुसरी आतच राहिली' हे चालणार नाही, कारण पेशींना थंडी वाजली किंवा ताजं सीरम मिळालं एवढ्यावरही काही जनुकं उसळतात. एफओएस तर वीस-तीस मिनिटांत वर जातं, घड्याळ-जनुक पीईआर-१ सुद्धा सीरमच्या धक्क्याने हलतं. आणि पीईआर-१ हे तर ग्लुकोकॉर्टिकॉइडचं आवडतं लक्ष्य! म्हणून हॉर्मोन देताना माध्यम बदलायचं नाही. आदल्या रात्री बदललेल्याच माध्यमात अलगद थेंब सोडायचा आणि प्लेट इंग्रजी आठाच्या आकारात नव्हे, पुढे-मागे आणि डावी-उजवी हलवायची. गोल फिरवली की पेशी आणि थेंब दोन्ही मध्यभागी गोळा होतात.

सहा खणांच्या प्लेटमध्ये खणाला तीन लाख ए-५४९ पेशी, एक रात्र बसू द्यायच्या, एक रात्र स्ट्रिप्ड सीरम, मग डोस. वेळा ०, १, २, ४, ८ आणि २४ तास. यात एक क्लृप्ती आहे: वेगवेगळ्या वेळी डोस द्या आणि काढणी सगळ्यांची एकदम करा. चोवीस तासांच्या खणाला आदल्या दिवशी, एक तासाच्या खणाला शेवटी. म्हणजे सगळ्या पेशींचा माध्यमातला काळ सारखा राहतो. फक्त 'शून्य तास' आणि 'चोवीस तास इथेनॉल' या दोन वेगळ्या प्लेटा आहेत हे विसरू नका. दोन्ही लागतात.

आरएनए काढणं सगळ्यांना येतं, त्यावर वेळ घालवत नाही. डीएनएज (डीएनए तोडणारं विकर) द्या, एक मायक्रोग्रॅमपासून सीडीएनए (आरएनएची डीएनए-नक्कल) करा, ती नक्कल करणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली नळी सोबत चालवा. रखडतं ते तुलनेच्या, म्हणजे हॉर्मोनने न बदलणाऱ्या, जनुकावर. जीएपीडीएच सवयीने वापरलं जातं, पण ते ग्लुकोज जाळणाऱ्या साखळीतलं विकर आहे आणि ज्या हॉर्मोनच्या नावातच ग्लुकोज आहे त्याच्या प्रयोगात त्यावर डोळे मिटून विसंबणं मला पटत नाही. आरपीएल-१९ सारखं रायबोसोमचं जनुक आणि आणखी एक, अशी दोन घ्या आणि सारखा आरएनए घातल्यावर दोन्ही प्लेटांत त्यांचा सीटी (पीसीआरच्या कितव्या चक्राला सिग्नल दिसला तो आकडा; कमी सीटी म्हणजे आरएनए जास्त) सारखा येतो का ते आधी बघा. समजा एफकेबीपी-५ या हॉर्मोनने वाढणाऱ्या जनुकाचा सीटी इथेनॉलमध्ये २७, डेक्सामेथासोनमध्ये २३.५, आणि आरपीएल-१९ दोन्हीकडे १८. फरक साडेतीन चक्रांचा, म्हणजे दोनाचा साडेतीनावा घात, ११.३ पट. आता न दिलेल्या प्लेटच्या सीरममध्ये थोडं कॉर्टिसॉल राहिलं आणि तिथला सीटी २७ ऐवजी २५ आला असता तर तोच निकाल २.८ पट झाला असता. डेक्सामेथासोनच्या खणात काहीही बदललेलं नाही. लोक अशा वेळी 'डेक्स खराब झालं' म्हणून नवी बाटली मागवतात.

एफकेबीपी-५ माझ्या आवडीचं जनुक आहे, कारण ते स्वतःच या खेळातला खेळाडू आहे. त्याचं प्रथिन एचएसपी-९० च्या जुडग्यात बसतं आणि ग्राहीची हॉर्मोन पकडायची ताकद कमी करतं. हॉर्मोनने स्वतःवर लावून घेतलेला ब्रेकच तो. दक्षिण अमेरिकेतल्या स्क्विरल माकडांमध्ये हे प्रथिन जात्याच भरपूर असतं, आणि त्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असूनही त्यांना काही होत नाही.

थेट की दुसऱ्याकरवी

चोवीस तासांनी शेकडो जनुकं बदललेली दिसतात. त्यांतली ग्राहीने स्वतः हलवलेली किती आणि हलवलेल्यांनी पुढे हलवलेली किती? हा प्रश्न पहिल्यांदा नीट सुटला तो किड्यांमध्ये. बुटेनांट आणि कार्लसन यांनी १९५४ मध्ये रेशीमकिड्यांच्या ५०० किलो कोशांपासून २५ मिलिग्रॅम एक्डायसोन काढलं. १९६० मध्ये क्लेव्हर आणि कार्लसन यांनी ते एका माशीच्या अळीला टोचलं आणि लाळग्रंथीतल्या जाड गुणसूत्रांवर ठरावीक ठिकाणी फुगवटे आलेले सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. हॉर्मोन थेट जनुकांवर काम करतं याचा तो पहिला डोळ्यांनी दिसणारा पुरावा. पुढे सत्तरच्या दशकात केंब्रिजला मायकेल अ‍ॅशबर्नरने फळमाशीवर तेच करताना प्रथिनं बनणं बंद करणारं सायक्लोहेक्झिमाइड सोबत दिलं. लवकर येणारे सहाएक फुगवटे आले, पण नेहमीसारखे मावळेनात. उशिरा येणारे शंभरावर फुगवटे आलेच नाहीत. अर्थ असा की पहिल्या जनुकांची प्रथिनं दुसरी फळी उठवतात आणि स्वतःच्या जनुकांना गप्प करतात.

तीच युक्ती आजही चालते. मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड, हॉर्मोनच्या अर्धा तास आधी. पण इथेही न दिलेली प्लेट फसवते. एफओएस, डीयूएसपी-१, पीईआर-१ यांसारख्या जनुकांचे आरएनए अल्पायुषी असतात आणि त्यांना तोडणारी व्यवस्था प्रथिनं बनणं थांबल्यावर लंगडी पडते. मग हॉर्मोनशिवायच त्यांची पातळी चढते. त्यामुळे चार खण हवेत: इथेनॉल, डेक्स, सायक्लोहेक्झिमाइड, आणि दोन्ही. शेवटच्याची तुलना तिसऱ्याशी करायची, पहिल्याशी नाही. हे पथ्य न पाळलेल्या 'थेट लक्ष्यां'च्या याद्या बऱ्याच आहेत. चार तासांपलीकडे पेशी मरायला लागतात, तेव्हा तिथेच थांबा. यापेक्षा साधा उपाय म्हणजे इंट्रॉनमधले (आरएनए पक्का होताना कातरून टाकल्या जाणाऱ्या भागातले) प्रायमर, म्हणजे पीसीआरला कोणता तुकडा मोजायचा ते सांगणारे छोटे डीएनए. न कातरलेला आरएनए मोजला की जनुक या क्षणी वाचलं जातंय का ते कळतं, साठलेल्या आरएनएचा गोंधळ राहत नाही. अट एकच, डीएनएज चोख झालेलं हवं, कारण इंट्रॉन जीनोमिक डीएनएतही असतोच.

ग्राही डीएनएवर कुठे बसला ते बघायला चिप, म्हणजे ग्राही डीएनएला जखडायचा, डीएनएचे तुकडे करायचे आणि ग्राहीला धरणाऱ्या अँटिबॉडीने ते बाहेर ओढायचे. १५ सेंटिमीटरची प्लेट, २० मिलिलिटर माध्यम, डेक्स एक तास. त्यात ३७ टक्के फॉर्माल्डिहाइड ५४० मायक्रोलिटर, दहा मिनिटं, मग अडीच मोलर ग्लायसीन एक मिलिलिटर, पाच मिनिटं. फॉर्माल्डिहाइडची बाटली वर्षभर जुनी असेल आणि तळाशी पांढरं साचलं असेल तर ती फेकून द्या. वेळ वाढवून त्याची कसर भरत नाही. उलट जास्त जखडलेलं क्रोमॅटिन (डीएनए आणि त्याला बिलगलेली प्रथिनं) सोनिकेटरने, म्हणजे ध्वनिलहरींनी, तुटत नाही. तुकडे २०० ते ५०० बेस-जोड्यांचे हवेत आणि ते जेलवर बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. सोनिकेटरच्या नळीत फेस आला की ऊर्जा फेसात जाते, डीएनए तसाच राहतो. नळी बर्फात, टोक द्रवात खोल, आणि थांबत थांबत. पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये १ टक्का एसडीएस (एक साबणासारखं रसायन) असेल तर अँटिबॉडी घालण्याआधी दहा पट पातळ करायला विसरू नका, नाहीतर अँटिबॉडीच उलगडते आणि निकाल कोरा येतो.

एक टक्का इनपुट (अँटिबॉडी न घातलेला मूळ नमुना) बाजूला काढलं असेल तर त्याच्या सीटीतून ६.६४ वजा करायचे. इनपुट २५ आलं तर १८.३६. एफकेबीपी-५ च्या इंट्रॉनमधल्या जागेवर डेक्सच्या नमुन्याचा सीटी २४.३६ असेल तर सहा चक्रांचा फरक, म्हणजे १.५६ टक्के. साध्या आयजीजीचा (ग्राहीला न धरणाऱ्या अँटिबॉडीचा) ३०.३६ असेल तर ०.०२४ टक्के. चांगला निकाल असा दिसतो. पण आयजीजीपेक्षा मला इथेनॉलची प्लेट आणि जनुकं नसलेल्या ओसाड भागातली एक जागा या दोन तुलना जास्त विश्वासाच्या वाटतात. ग्राही पेशीद्रवात असताना जो सिग्नल येतो तो अँटिबॉडीचा कचरा.

अँटिबॉडीचा विषय निघालाच आहे तर, २०१७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी इस्ट्रोजेनच्या बीटा ग्राहीवरच्या तेरा अँटिबॉडी तपासल्या. नेमकी ठरली ती एक. वर्षानुवर्षं लोकप्रिय असलेल्या नापास झाल्या. इथेही निर्णायक ठरते ती ग्राही नसलेली पेशी, म्हणजे आणखी एक 'न दिलेली प्लेट'. जनुक काढून टाकलेल्या पेशीत पट्टा दिसत असेल तर डब्यावर काहीही छापलेलं असो, ती अँटिबॉडी वापरायची नाही.

आणि ग्राही बसला म्हणजे जनुक हललं, असंही नाही. २००९ मध्ये अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या गटाने ए-५४९ ला १०० नॅनोमोलर डेक्स एक तास देऊन ४,३९२ जागांवर ग्राही बसलेला दाखवला. बदललेली जनुकं होती २३४. वाढलेल्या जनुकांपासून जवळची जागा साधारण (मध्यक) ११ हजार बेस-जोड्यांवर, तर दबलेल्यांपासून १ लाख ४६ हजारांवर. दबण्यामागे बऱ्याचदा ग्राहीचं थेट बसणं नसतंच, तो एपी-१ किंवा एनएफ-कप्पा-बी या दाहाची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनांना गाठून अडवतो. दाह कमी करण्याचं स्टिरॉइडचं काम बरंचसं याच वाटेने होतं. जागा कोणत्या निवडल्या जातात हेही हॉर्मोन येण्याआधीच ठरलेलं असतं. उंदराच्या पेशींत ग्राही बसलेल्या जागांपैकी ९५ टक्क्यांपर्यंत जागा आधीपासूनच उघड्या क्रोमॅटिनमध्ये होत्या. म्हणून यकृतातलं आणि फुप्फुसातलं कॉर्टिसॉल एकच असूनही जनुकं वेगळी हलतात. इथेनॉलच्या प्लेटवर एटीएसी-सीक (उघडं क्रोमॅटिन शोधायची चाचणी) करून ठेवलं तर डेक्सच्या चिपचा नकाशा बराचसा आधीच हाती येतो.

शेवटी डेक्सामेथासोन धुऊन काढण्याबद्दल, कारण हे विचारलं जातं. शरीरात कॉर्टिसॉल सलग वाहत नाही, साधारण तासातासाने त्याच्या लाटा येतात, आणि त्या लाटांबरोबर काही जनुकं चालू-बंद होतात. २००९ मध्ये पेशींवर हे दाखवलं गेलं ते कॉर्टिकोस्टेरॉन वापरून. ते ग्राहीवरून पटकन सुटतं, डेक्स चिकटून राहतं. तेव्हा लाटेचा प्रयोग डेक्सवर करू नका. कॉर्टिकोस्टेरॉन किंवा कॉर्टिसॉल १०० नॅनोमोलर, वीस मिनिटं, मग स्ट्रिप्ड सीरम घातलेल्या ३७ अंशांच्या माध्यमाने तीन धुण्या. नुसत्या पीबीएसने (खारट बफरने) धुतलं तर पेशींत मुरलेलं हॉर्मोन ओढून घ्यायला बाहेर प्रथिन नसतं आणि ते आतच राहतं. इथेनॉलच्या प्लेटलाही तेवढ्याच तीन धुण्या द्यायच्या, त्याच मिनिटाला.